तेविसाव्या घराचा मीटर

रविवार, ९ फेब्रुवारी. भोंगवली, नानांच्या घरासमोरचे अंगण. सकाळी अकरा.

हजर: नानांच्या पत्नी शांताकाकू. मुलगा संदीप आणि सून. बौद्धाचार्य. विहारात येणाऱ्या सात-आठ बायका. किकवी आणि कामथडीचे दोन वायरमन, त्यातले एक निवृत्त. भोरच्या दर्ग्याची देखभाल करणारे चाचा. आमच्या कार्यालयातून मी आणि शिपाई दत्तू. वेल्ह्याच्या डोंगरावरून ठकूबाई आणि त्यांची जाऊ. बाकी गावकरी. एकूण माणसे बेचाळीस.

नाना गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाची ही हजेरी मी बसल्या जागी वहीत लिहून काढली. कोणी सांगितले नव्हते. मला यादी केल्याशिवाय बसता येत नाही, आणि त्यावरून नाना मला नेहमी चिडवत. "ताई, माझ्या मयताला कोन कोन आलं त्याची बी यादी तुमीच करनार बगा. गैरहजर असंल त्याला नोटीस." मयताला मी स्वतःच गैरहजर होते, पुण्याला प्रशिक्षण होते. पुण्यानुमोदनाची यादी मात्र केली. त्या बेचाळीस माणसांपैकी एकीच्या घरात अजून वीज नाही आणि कागदावर आहे. त्याला कारण मी आहे. नानांविषयी लिहायचे तर ते टाळून लिहिता येणार नाही.

नाना आमचे वायरमन. मी भोरच्या वीज कार्यालयात लिपिक. तक्रारींची नोंद, कामवाटप, शटडाऊनचे वेळापत्रक आणि पूर्ण झालेल्या कामांच्या याद्या माझ्याकडे. नानांची बहुतेक नोकरी वेल्ह्याकडच्या डोंगरात गेली. उंची बेताची, पाय काटक, खिशात टेस्टर आणि डोक्यावर हेल्मेटच्या आत गुंडाळलेला रुमाल. त्यांची एक गोष्ट आमच्या खात्यात दुसऱ्या कोणाची नव्हती. नवीन जोडणी दिली की घरातले पहिले बटण ते स्वतः कधी दाबत नसत. सगळे जोडून, तपासून ते खाली उतरत, हेल्मेट काढत, रुमालाने हात पुसत आणि दारात उभे राहून विचारत, "पयलं बटन कोन दाबनार?"

मग त्या घरात चर्चा सुरू होई. कुठे थोरली सून पुढे व्हायची, कुठे पाय मोडून पडलेल्या म्हाताऱ्याला खाटेसकट बोर्डाखाली आणायचे. एका घरात दोन भावांचे या बटणावरून वाजले आणि नाना पाऊण तास दारात उभे. मी फोनवर ओरडले, "नाना, बटण दाबा आणि पुढच्या कामाला लागा. तीन तक्रारी पडल्यात." ते म्हणाले, "ताई, दिवा त्यांचा हाय. मी निस्ता वायर आनली. जरा भांडू द्या की."

या एका सवयीमुळे नानांनी जे पाहिले ते आम्हा टेबलावरच्या लोकांना कधी दिसले नसते. धनगरांच्या वाड्यावर बटणाला आधी भंडारा लागायचा. भोरमधल्या एका घरी आजीबाईंनी डोक्यावरून पदर ओढला, बिस्मिल्ला म्हटले आणि उजव्याच हाताने बटण दाबले, डावा हात सोयीचा असूनही. नसरापूरजवळच्या एका ख्रिस्ती शिक्षकांनी आधी मेणबत्ती पेटवली आणि बल्ब लागल्यावर ती फुंकली नाही, तिच्या वेळेनुसार संपू दिली. नानांच्या स्वतःच्या वस्तीत त्रिसरण झाल्याशिवाय बोट बटणाकडे जात नसे. पण बल्ब लागला की प्रत्येक घरात एकच व्हायचे. सगळ्यांचे हात छातीशी जायचे. कोणाचे जुळायचे, कोणाचे उघडे राहायचे, पण जायचे. नाना हे सांगताना स्वतःचे हात तसे करून दाखवत.

एका वाड्यावर म्हातारबाबांनी उत्साहाच्या भरात हळदीचे पाणी तांब्यानेच मीटरवर ओतले. फट्ट झाले आणि आलेली वीज गेली. म्हातारबाबा घाबरले, देव कोपला म्हणाले. नानांनी त्यांना धीर दिला. "देव न्हाई कोपला, बाबा, फ्युज कोपली. कोरडी हळद लावा, लई झालं. देवाला पानी चालतं, हिला न्हाई चालत." त्यानंतर डोंगरातल्या प्रत्येक जोडणीच्या वेळी ते आधीच बजावत, "भंडारा कोरडा." मी तेवढे दोन शब्द जोडणीच्या तपासणी यादीत शेवटी टाईप करून टाकले. साहेबांनी सही करताना वाचले नाहीत, त्यामुळे ते अजून आहेत.

माझी आणि नानांची खरी भांडणे शटडाऊनवरून. दुरुस्तीसाठी वाहिनी कधी बंद ठेवायची ते मी ठरवायची. पाच ते सात, असे मी लिहिले की नानांचा फोन आलाच. "पाच ते सव्वासा द्या. पुन्यांदा सात ते आट द्या. मदला पाऊन तास मला नको." मधला पाऊण तास म्हणजे दिवेलागण. खांबावर दोनदा चढायचे, दोनदा उतरायचे, सगळी उठाठेव त्यांचीच. तरी त्या वेळात ते लाईन बंद ठेवत नसत. एकदा मी चिडून म्हटले, "नाना, तुम्ही देव मानत नाही. मग तिन्हीसांजेचे एवढे काय?"

ते म्हणाले, "आमी विहारात मेनबत्ती लावतो, ताई. ती काय बुद्धाला दिसावं म्हनून? त्याला दिसत हुतं. कमी दिसतं ते आमाला."

शेवटी मीच म्हटले, तुमचे हे सगळे मला एकदा सांगा, तक्ता करते. पावसाळ्यातल्या एका दुपारी कार्यालयात बसून त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. कुठल्या गावात ग्रामदैवताची दिवटी कधी, कुठल्या वस्तीत पौर्णिमेला विहारात मेणबत्त्या कधी, दर्ग्यात गुरुवारी चिराग कधी, रमजानमध्ये रोजा सोडायची वेळ कशी रोज सरकते, नाताळच्या आठवड्यात काय. दोन पानी तक्ता झाला. नाना तो हातात धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्याल येगळं, वात येगळी. पन येळंचा रकाना बगा, ताई. निम्मी नोंद एकाच अर्ध्या तासात बसली." तो तक्ता मी टेबलाच्या काचेखाली ठेवला. नानांनी सांगितले आणि मी मान्य केले, असे आमच्यात फारसे झालेले नाही. त्यातले हे एक.

आता ठकूबाई.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर वीज न्यायची होती. तेवीस घरे. मंजुरी आली, खांब आले, दोन महिने नाना तिथेच राहिल्यासारखे होते. बावीस घरे झाली. तेविसावे घर ओढ्यापलीकडे, ठकूबाईंचे. नवरा वारलेला, दोन म्हशी, दहा-बारा शेळ्या. तिथपर्यंत तार न्यायला आणखी तीन खांब हवे होते आणि ते संपले होते. पुरवठादार म्हणाला, पुढच्या गाडीत येतील.

सोमवारी काम पूर्ण झाल्याची यादी वर जायची होती. साहेबांनी मला फक्त एवढे विचारले होते, "यादी सोमवारी मिळेल ना?" मला कधी कोणी यादीवरून दुसऱ्यांदा विचारलेले नाही. शनिवारी मी यादी काढली. बावीस घरांपुढे "पूर्ण". तेविसाव्या घरापुढे जागा रिकामी. ती रिकामी जागा मला बघवेना. एका घरासाठी सगळा वाडा "अपूर्ण" म्हणून परत येणार, पुन्हा पत्रव्यवहार, पुन्हा खुलासा. मी नानांना फोन केला आणि म्हटले, ठकूबाईंच्या घरी मीटर तेवढा भिंतीवर बसवा आणि फोटो पाठवा. यादीला मीटरचा फोटो लागतो, तारेचा लागत नाही.

नाना म्हणाले, "तार न्हाई तर मीटर कशाला?"

"खांब आठवड्यात येतील, नाना. आले की जोडायचे. कागद आज पूर्ण होऊ द्या."

"आटवड्यात म्हंजी नक्की?"

"नक्की," मी म्हटले. मला नक्की माहीत नव्हते.

त्यांनी मीटर बसवला. फोटो आला. सोमवारी सकाळी ते सहीसाठी कार्यालयात आले, तेव्हा पेन हातात घेऊन थांबले. "ताई, माझ्या सहीच्या कागदावर पयल्यांदाच अंधार हाय," म्हणाले. मी म्हटले, "नाना, एक आठवडा." त्यांनी सही केली. खाली माझी, तपासले म्हणून. यादी वेळेत गेली. साहेबांनी माझे कौतुक केले, आणि मला ते आवडले, हेही लिहिले पाहिजे.

खांब आले नाहीत. येणारच नव्हते. काम पूर्ण झालेल्या वाड्याला सामान कोण देतो? पुढची गाडी दुसऱ्या गावाला गेली. चार महिन्यांनी नवीन साहेब आले. ठकूबाईंच्या दिराने नव्याने अर्ज केला, तो परत आला: या घरी वीजजोड आहे. पुढच्या वर्षी पुन्हा केला, पुन्हा तेच. तो शेरा ज्या नोंदीवरून मारला जातो ती नोंद माझी. दोन्ही अर्ज माझ्या टेबलावरून गेले आणि मी त्यांना आवक क्रमांक दिले.

नाना दर पंधरा दिवसांनी त्या वाड्यावर जात. एकदा तिकडून थेट कार्यालयात आले. बुटांवर ओढ्याचा चिखल. पाणीही न घेता म्हणाले, "ताई, आज मी सांजच्याला थांबलो तिच्या घरी. तिनं पनती लावली, मीटरच्या खाली कोनाड्यात ठेवली. मीटरला कोरडी हळद लावली, मीच सांगितलेली. आन हात जोडलं. रोजचं हाय म्हनं."

मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हटले, "श्रद्धा असते एकेकाची."

"कुनावर?" नाना म्हणाले. "ती मीटरला न्हाई हात जोडत. तुमच्या-माझ्या सहीला जोडती."

ठकूबाईंना त्यांनी खरे कधी सांगितले नाही. खांब यायचेत, एवढेच सांगत राहिले. माझे नाव तर मुळीच घेतले नाही. रेशनवरचे रॉकेल बंद झाल्यावर ते जाताना तेलाची पिशवी नेत. कोणीतरी दिलेला सौरदिवा होता, तो पावसाळ्यात ढगाखाली महिना महिना पेटत नसे. मोबाईल चार्ज करायला बाई ओढा ओलांडून येई. हे सगळे मला नानांकडून कळे. ऐकताना मी हातातले काम थांबवत नसे.

निवृत्तीच्या कार्यक्रमात नानांना शाल-श्रीफळ दिले. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते उभे राहिले. "नोकरीत लई घरं झाली. एक ऱ्हायलं. जय भीम," म्हणाले आणि बसले. लोकांना वाटले, स्वतःचे घर बांधायचे राहिले म्हणत असतील. दत्तू तर मला म्हणाला, "नानांचं भोंगवलीत चांगलं स्लॅबचं घर आहे की, मॅडम." मी म्हटले, "असेल दुसरे काही."

निवृत्तीनंतरही ते महिन्यातून एकदा एसटीने भोरला येत. गोळ्या घ्यायच्या, बाजार करायचा आणि माझ्या टेबलासमोर बसायचे. पहिले वर्षभर विचारत, "खांबाचं काय?" मी म्हणायची, "बघते." एकदा त्यांनी स्वतःच मार्ग काढून आणला. "तुमी खरं लिवा. यादी चुकली म्हना. खाली मी बी सही करतो. दोगांची चूक, दोगांच्या सह्या. माझी आता पेन्शन हाय, काय करतील? चौकशी लावतील. लावू द्या. दोगं जाऊ. मी बोलतो, तुमी निस्तं बसा."

मी म्हटले, "पुढच्या आठवड्यात लिहू, नाना."

त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण मला सोयीचे नव्हते. खोटी नोंद केली असे स्वतःच लिहून दिले की चौकशी लागणार, माझी नोकरीची सहा वर्षे राहिलेली, बढतीचा कागद वर गेलेला. हे सगळे हिशेब मी त्यांच्यासमोर बसून मनात केले आणि चहा मागवला. पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा मी लेखापरीक्षणात होते. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हटले, निवडणुकीचे काम आहे. ते प्रत्येक वेळी म्हणत, "बरं बरं. सवडीनं." सवड नव्हती असे नाही. त्या वर्षी मी कार्यालयातले सगळे जुने दप्तर वर्षवार लावून काढले.

दिवाळीनंतर ते शेवटचे आले. अंगावरचा शर्ट मोठा झाल्यासारखा दिसत होता. त्या दिवशी त्यांनी खांबाचे विचारले नाही. चहा प्याले. काचेखालच्या तक्त्यावर बोट फिरवत म्हणाले, "भोरच्या चाचांचा चिराग आता सातला असतो, बदल करा." मी पेन्सिलीने बदल केला. उठताना टेबलाला धरून उठले. मी विचारले, "सोडायला दत्तूला पाठवू का?" म्हणाले, "नको. त्याला कामं असत्याल." तुम्ही का विचारले नाहीत, हे मी विचारायला हवे होते. मला हायसे वाटले होते म्हणून मी गप्प बसले. जानेवारीत संदीपचा फोन आला.

पुण्यानुमोदनाला फोटोपुढे सगळ्यांनी एकेक मेणबत्ती लावली. ठकूबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढली आणि थबकल्या. हे चालते की नाही, असे त्यांनी बौद्धाचार्यांकडे पाहिले. बौद्धाचार्यांनी शांताकाकूंकडे पाहिले. काकू म्हणाल्या, "लावू द्या. त्यांनी जल्मभर तेच बघितलं." बौद्धाचार्यांनी दोन मेणबत्त्या सरकवून जागा करून दिली. ठकूबाईंनी फोटोच्या चौकटीला चिमूटभर भंडारा लावला. "कोरडाच हाय, नाना," हळूच म्हणाल्या. चाचा तोंडावर रुमाल धरून हसले आणि मग त्यांनी तोच रुमाल डोळ्यांना लावला.

जेवणाच्या पंगतीत त्या माझ्या शेजारी बसल्या. विचारले, "तुमी कुठल्या, बाय?"

"भोरच्या वीज कार्यालयातली."

"मंग नानांच्यासंगं हुता म्हना की." त्यांनी भाकरी मोडली. "त्या मान्सानं लई खेपा घातल्या माज्यासाठी. निस्त्या तीन खांबापायी. वरची मान्सं काय चांगली न्हवती त्यांची, न्हाईतर कवाच झालं असतं." मग जावेकडे वळून म्हणाल्या, "ही बाय त्यांच्याच हापिसातली." जाऊ मला म्हणाली, "मंग तुमीच सांगा की वरच्यांना."

"प्रयत्न चालू आहेत," मी म्हटले. हे वाक्य मी कार्यालयात दिवसातून दहा वेळा लिहिते.

"व्हय ना?" ठकूबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्यांच्या पानातला लाडू माझ्या पानात ठेवला. "खावा. लई सडपातळ हाय तुमी."

मी तो खाल्ला. परत येताना दत्तू गाडी चालवत होता आणि काही बोलत होता, मला आठवत नाही.

आज मंगळवार. आठवड्याच्या कामांच्या यादीतली पहिली सहा कामे झाली आहेत. सातवे राहिले आहे. त्याचा मसुदा टाईप करून तयार आहे: "सदर वाड्यावरील तेवीस घरांपैकी एका घराला वीजपुरवठा झालेला नसताना काम पूर्ण झाल्याची नोंद मी जाणीवपूर्वक केली होती. नोंद दुरुस्त करून तीन खांब मंजूर व्हावेत." पहिल्यांदा मी "अनवधानाने" लिहिले होते, ते खोडून "जाणीवपूर्वक" केले. तेवढे करायला काल अर्धा दिवस गेला. आता खाली एकच सही लागणार आहे आणि चौकशीत बोलायचे मलाच. जावक नोंदवही माझ्याच टेबलावर असते. आज संध्याकाळपर्यंत तीत अकरा कागदांना जावक क्रमांक पडले. हा त्यांत नाही.